मलेशियातल्या सणाच्या पंगती: नव्याने आलेल्यांसाठी वाटाड्या

क्वालालंपूरला नोकरी सुरू झाली की महिन्या-दोन महिन्यांत व्हॉट्सअ‍ॅपवर असा निरोप येतोच: ‘जम्पुत दातांग! ओपन हाउस, शनिवार, १२ ते ५. सहकुटुंब या.’ खाली घराचं लोकेशन. नवा माणूस इथे अडखळतो. ओळख जेमतेम, बोलावणं मनापासूनचं की उगाच म्हणायचं म्हणून? जाऊन बसायचं किती वेळ?

बोलावणं खरं असतं. मलेशियात याला ‘रुमाह तरबुका’ म्हणतात, म्हणजे उघडं घर. दिलेल्या वेळेत कधीही जायचं, जेवायचं, थोडं बोलायचं आणि निघायचं. पानं मांडून सगळे एकदम बसत नाहीत. मलय घरातला ईदचा, चिनी घरातला नववर्षाचा, तमिळ घरातला दिवाळीचा असा हा रिवाज सगळ्यांनी उचललेला आहे. तुमच्याशिवाय त्या दिवशी पन्नास माणसं येऊन जाणार असतात, त्यामुळे तुम्ही गेल्याने यजमानाची अडचण होत नाही. गेला नाहीत, तर मात्र सोमवारी ऑफिसात ‘का आला नाहीत?’ हे ऐकावं लागतं.

आधी दिनदर्शिका पाहा

चिनी नववर्ष जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत येतं आणि पंधरा दिवस चालतं. रमजान आणि त्यानंतरची हारी राया, म्हणजे ईद, दर वर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतात. २०२६ मध्ये चिनी नववर्षाचा पहिला दिवस १७ फेब्रुवारीला आला आणि त्याच आठवड्यात रोजे सुरू झाले. अशा वर्षी ऑफिसातलं नववर्षाचं जेवण दुपारी ठेवलं तर निम्मी टीम नुसती बसून राहते. म्हणून ते सूर्यास्तानंतर ठेवायचं.

बोर्निओ बेटावरच्या दोन राज्यांत सुगीचे सण असतात: मे-अखेरीस (३० आणि ३१ तारखेला) साबामध्ये कामातान, १ आणि २ जूनला सारावाकमध्ये गावाई. दिवाळीची सुट्टी सारावाक सोडून सगळ्या राज्यांत असते. नाताळही सुट्टीचा.

लक्षात ठेवायची गोष्ट ही की सणाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत शहर रिकामं होतं. सगळे ‘बालिक काम्पुंग’, म्हणजे गावी जातात. आपल्याकडे गणपतीत मुंबईचा कोकणी माणूस निघतो तसंच, आणि महामार्गाची अवस्थाही तशीच. सहकाऱ्यांची ओपन हाउसं त्यानंतर सुरू होतात. रायाची तर रमजाननंतरचा पूर्ण शव्वाल महिनाभर चालतात, एका शनिवारी तीन-तीन घरं. म्हणून पहिला नियम पोटाचा: प्रत्येक घरी अर्धी थाळी. पहिल्याच घरी आग्रहाला बळी पडलात की तिसऱ्या घरी नुसतं पाणी पिऊन यजमानीणबाईंची नाराजी ओढवून घ्याल.

जाण्याआधी

किती जण येणार ते कळवा. इथे डोकी ‘पॅक्स’मध्ये मोजतात: ‘आम्ही चार पॅक्स.’ वेळ १२ ते ५ असेल तर साडेबारा ते दोन ही गर्दीची वेळ. निवांत बोलायचं असेल तर तीनला जा, पण तोवर एखादा पदार्थ संपलेला असेल ही तयारी ठेवा. शुक्रवारी दुपारी मुस्लिम सहकाऱ्यांसोबत जेवण ठरवू नका. साधारण सव्वाबारा ते पावणेतीन ही नमाजाची सुट्टी असते. केदाह, कलांतान आणि तरेंगानू या राज्यांत शनिवार-रविवारऐवजी शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, हेही ध्यानात असू द्या.

रिकाम्या हाताने गेलात तरी कोणी काही म्हणत नाही, पण फळं किंवा बंद डब्यातली बिस्किटं न्यावीत. मुस्लिम घरी नेताना डब्यावर जाकिमचा (इस्लामी बाबींच्या सरकारी खात्याचा) हलाल शिक्का आहे ना, ते पाहून घ्या. ‘पोर्क नाही, चरबी नाही’ अशी पाटी असलेल्या दुकानातला पदार्थ हलाल असतोच असं नाही. मांस कुठून आलं, स्वयंपाकात वाइन घातली का, हे प्रश्न राहतातच. घरी केलेली चकली न्यायची असेल तर जरूर न्या, पण आम्ही घरी काय शिजवतो हे आपणहून सांगा. समोरच्याला विचारावं लागू नये.

मुलांना पैशांचं पाकीट देतात. रायाला हिरवं ‘दुइत राया’, चिनी नववर्षाला लाल ‘आंग पाव’, दिवाळीला बहुधा जांभळं. परक्या माणसाकडून अपेक्षा नसते, पण पाच रिंगिटची कोरी नोट घातलेली चार-सहा पाकिटं खिशात असली की शोभून दिसतं. बँका सणाआधी पाकिटं फुकट देतात. चिनी पाकिटात मात्र रक्कम सम असावी, म्हणून पाचच्या दोन नोटा घाला, पण चार किंवा चाळीस नको. चिनी भाषांत ‘चार’चा उच्चार ‘मृत्यू’च्या जवळ जातो. चिनी रिवाजात लग्न झालेला देतो आणि बिनलग्नाचा घेतो, मग तो चाळिशीचा का असेना.

राया: थाळीत काय वाढून घ्यायचं

चपला बाहेर. ‘सलामत हारी राया, माआफ झाहिर दान बातिन’ म्हणा. दुसऱ्या अर्ध्याचा भाव आपल्या ‘चुकलंमाकलं माफ करा’ असा. हस्तांदोलन हलकं, मग उजवा तळवा छातीला. समोर बाई असेल आणि तुम्ही पुरुष (किंवा उलट), तर आपण हात पुढे करायचा नाही. त्यांनी केला तर मिळवायचा, नाहीतर छातीला हात लावून मान झुकवली की पुरे. खाणं आणि देणं-घेणं उजव्या हाताने, हे तुम्हाला सांगायला नको.

टेबलावर भातासारखं दिसणारं जे असतं ते तीन-चार प्रकारचं. कतुपात म्हणजे नारळाच्या पात्यांच्या विणलेल्या चौकोनी डबीत तांदूळ भरून उकडलेली वडी. तांदूळ आत फुगतो, त्याला जागा मिळत नाही, म्हणून तो दाबला जाऊन घट्ट होतो. डबी हाताने सोडवू नका. तिरकी धरून सुरीने मधोमध चिरायची आणि आतला भात सोलून घ्यायचा. उत्तरेकडचं कतुपात पालास त्रिकोणी असतं, चिकट तांदूळ आणि नारळाच्या दुधाचं. लमांग म्हणजे केळीचं पान लावलेल्या बांबूच्या नळीत चिकट तांदूळ, नारळाचं दूध आणि मीठ भरून आगीशेजारी तिरपं उभं करून भाजलेला भात. त्याचे जाड काप करतात, कडेला पानाचा हिरवट पापुद्रा चिकटलेला असतो, तो सोलून खायचा. नासी हिम्पित म्हणजे शहरी सोय: पिशवीतला तांदूळ दीड-दोन तास उकळायचा, पूर्ण गार करायचा आणि मग चौकोनी तुकडे. गरम असताना कापला की सुरीला चिकटून लगदा होतो. घरी केलात तर रात्री उकडून सकाळी कापा.

या सगळ्याला स्वतःची चव फारशी नसते. ते भाकरीसारखं. बरोबर रेन्दांग (नारळाच्या दुधात आटवलेलं मसालेदार मांस), शेंगदाण्याचा जाड रस्सा म्हणजे कुआह काचांग, आणि सरुंडिंग.

सरुंडिंगपाशी थांबा. वाटीत तपकिरी, कोरडं, मोकळं काहीतरी असतं, थेट परतलेल्या खोबऱ्याच्या किसासारखं. शाकाहारी मराठी माणूस हमखास ते भातावर पसरून घेतो. ते बहुतेक वेळा तासनतास परतून धाग्याधाग्याने सुटं केलेलं गोमांस किंवा कोंबडी असते. निव्वळ खोबऱ्याचंही सरुंडिंग मिळतं, पण विचारल्याशिवाय हात लावू नका.

आणि विचारताना एक शब्द सांभाळा: ‘दागिंग’. शब्दकोशात त्याचा अर्थ मांस. रोजच्या बोलण्यात मात्र दागिंग म्हणजे गोमांसच. ‘हे दागिंग नाही, कोंबडी आहे’ असं कोणी म्हणालं तर ते अगदी सरळ बोलत असतात. कोंबडीला ‘आयाम’, बकऱ्या-मेंढीला ‘काम्बिंग’. गोमांस न खाणाऱ्याने एवढंच विचारावं: ‘इनी आयाम क दागिंग?’ हिंदू पाहुणे येणार असले की बरेच मलय यजमान कोंबडीचं रेन्दांग वेगळं ठेवतात, पण दोन्ही पातेली दिसायला सारखीच तपकिरी. पळीही अनेकदा एकच फिरते. राया हाजीला, म्हणजे बकरी ईदला, कुर्बानीचं मांस वाटलं जातं, तेव्हा गोमांस जास्त.

शाकाहाऱ्यांना खरा त्रास भाजीपासून होतो. ‘सायुर’ म्हणजे भाजी, पण सायुर लोदेह या नारळाच्या रश्श्यातल्या भाजीत वाळलेली कोळंबी असते. साम्बालमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीत, बलाचान, म्हणजे कोळंबी आंबवून वाळवलेली वडी. शेंगदाण्याच्या रश्श्यातही ती कधी असते. ‘मी व्हेजिटेरियन’ म्हटल्यावर लोक मांस काढून टाकतात, बलाचान त्यांच्या हिशेबात मसाल्यात मोडतं. म्हणून यादीच सांगा: ‘ताक माकान दागिंग, आयाम, इकान, उडांग, बलाचान.’ (ताक माकान म्हणजे खात नाही, इकान म्हणजे मासे, उडांग म्हणजे कोळंबी.) निश्चिंत मनाने खाता येईल असं म्हणजे कतुपात, लमांग, आणि तांदूळ-नारळाचे गोड प्रकार, ज्यांना ‘कुइह’ म्हणतात. त्यात कुइह लापिस हे थराथरांचं, ओंदे-ओंदे हे आत गुळाचा पाक असलेले हिरवे गोळे. गोळा अर्धा चावू नका, पूर्ण तोंडात टाका. अर्धा चावला की पाक सदऱ्यावर. अंडं न खाणाऱ्यांनी बाहुलू हे छोटे केक आणि बिस्किटं टाळावीत. दोदोल दिसला तर गोव्याकडच्या माणसाला ओळख पटेल: तेच नाव, तेच नारळाचं दूध, काळा गूळ आणि तांदळाचं पीठ, तसंच तासनतास घोटणं.

नको असलेला पदार्थ नुसता ‘नको’ म्हणून परतवू नये. मलय समजुतीत ताटापुढे येऊन न चाखता उठलं की ‘कम्पुनान’ लागतं, म्हणजे राहिलेल्या इच्छेपायी वाटेत काही बरं-वाईट होतं. खाता येत असेल तर चिमूटभर घ्यावं. येत नसेल तर ताटलीला बोटं टेकवून आभार मानले तरी चालतं. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे केलेलं फार आवडतं.

पाऊण तास ते तासभर बसा. निघताना ‘बुंगकुस’ म्हणून डबा बांधून देतील. एकदा नको म्हणा, दुसऱ्यांदा घ्या.

रोजा सोडायचं जेवण

रमजानात ऑफिसची टीम हॉटेलात ‘बरबुका पुआसा’ ठरवते. हॉटेलची बुफे स्वस्त नसते. रमजानाआधी विकली जाणारी कूपनं घेतली तर बरीच बचत होते, त्यामुळे टीममधला हिशेबी माणूस महिनाभर आधीच पैसे गोळा करायला लागतो.

क्वालालंपूरला सूर्यास्त साडेसातच्या आसपास. साबामध्ये घड्याळ तेच, पण सूर्य तासभर आधी मावळतो, त्यामुळे कोता किनाबालूला जाऊन सातला पोहोचलात तर जेवण निम्मं उरकलेलं असेल. अर्धा तास आधी जाऊन जागा धरा, ताट भरून आणा आणि थांबा. अजान होईपर्यंत कोणीही घास उचलत नाही. तुमचा रोजा नसला तरी तुम्हीही उचलू नका. पहिल्यांदा पाणी आणि खजूर. खजुराला इथे ‘कुर्मा’ म्हणतात, आणि कोरम्याच्या रश्श्यालाही ‘कुर्मा’च म्हणतात, त्यामुळे पाटी वाचून फसू नका. मग थोडं खाऊन मंडळी सुराऊत, म्हणजे प्रार्थनेच्या खोलीत, नमाजाला जातात. खुर्च्या अचानक रिकाम्या झाल्या म्हणून जेवण संपलं असं समजून बिल मागवू नका, खरं जेवण ते परत आल्यावर सुरू होतं.

बुफेत शाकाहाऱ्यांसाठी एक सापळा: रोजाक बुआह. काकडी, अननस, कैरी, वर दाण्याचा कूट, अगदी आपल्या फळांच्या चाटसारखं. पण तो काळा चकचकीत सॉस कोळंबीचा. त्यापेक्षा बुबुर काचांग हिजाऊ घ्या: हिरवे मूग, नारळाचं दूध, ताडगूळ. आपल्या मुगाच्या खिरीची सख्खी बहीण.

दिवसा ऑफिसात डबा खायला तुम्हाला मनाई नाही. फक्त शेजारी रोजेदार असेल तर पॅन्ट्रीत जाऊन खा, आणि लसणाची फोडणी मायक्रोवेव्हमध्ये गरम करणं महिनाभर टाळा.

चिनी नववर्ष आणि यी सांग

आदल्या रात्रीचं जेवण घरच्यांचं. बाहेरच्याला सहसा बोलावत नाहीत, आणि बोलावलंच तर तो मोठा मान समजा. हॉटेलात असेल तर वेळ पाळा. त्या रात्री बरीच उपाहारगृहं दोन पंगती लावतात, एक साडेपाच-सहाला, दुसरी आठच्या सुमारास. पहिल्या पंगतीवाल्यांना वेळेवर उठवतात. दहा जणांचं गोल टेबल, मधे फिरती चकती, ठरलेले आठ-नऊ पदार्थ. सर्वांत थोर माणसाने काडी (चॉपस्टिक) उचलल्यावर बाकीचे सुरू करतात. भातात काड्या उभ्या खोचू नका, ती उदबत्ती लावल्यासारखी दिसते. अख्खा मासा उलटा करू नका, खालची बाजू काटा उचलून खातात. कोणी चहा ओतला की दोन बोटं टेबलावर टकटकवायची, ते आभार. किटलीत पाणी हवं असेल तर झाकण तिरकं ठेवा.

ओपन हाउसला जाताना संत्री न्या. जोडीने, दोन्ही हातांनी द्यायची. निघताना यजमान तुम्हाला तशीच दोन परत देतील. काळे-पांढरे कपडे नकोत. तिसऱ्या दिवशी भेटीला जाणं जुन्या लोकांना रुचत नाही, भांडण होतं म्हणे.

इथे पोर्क असू शकतं, आणि तेही न ओळखू येणारं. बाक क्वा म्हणजे गोडसर पोर्कच्या पातळ चौकोनी चकचकीत लालसर पट्ट्या. आंबापोळी समजून मुलं उचलतात. आधी सांगून ठेवा. शाकाहाऱ्यांसाठी दिलासा म्हणजे बऱ्याच बौद्ध घरांत पहिल्या दिवशी शाकाहार असतो. ‘लोहान जाय’ ही मिश्र भाजी मागा, पण तिच्यात ऑयस्टर सॉस नाही ना ते विचारा.

ऑफिसात मात्र तुमची गाठ पडेल ती यी सांगशी. किसलेल्या भाज्या, कच्चा मासा आणि सॉस सगळ्यांनी मिळून काड्यांनी उंच उडवायचे, हा प्रकार. हा सुरू कोणी केला यावर मलेशिया आणि सिंगापूरचा जुना वाद आहे, त्यात पडू नका. तयार डबे सुपरमार्केटात मिळतात, पण दहा जणांसाठी घरून करणंही सोपं आहे:

गाजरं मोठी दोन, पांढरा मुळा एक मध्यम, हिरवा मुळा अर्धा, काकडी एक. सगळं लांब बारीक किसा. पपनसाचे अर्ध्या फळाचे गर सुटे करा. भाजलेले शेंगदाणे ५० ग्रॅम भरड कुटून, पांढरे तीळ दोन मोठे चमचे भाजून, पंचमसाला पाव चमचा, कुरकुरीत तळलेले पिठाचे तुकडे १०० ग्रॅम. प्लमचा गोड-आंबट सॉस दीडशे मिली, त्यात एका लिंबाचा रस. तेल दोन चमचे. मासा घालायचा असेल तर सॅल्मनचे पातळ काप १५० ग्रॅम, नसेल तर सोडून द्या, खेळ तोच राहतो.

बिघडतं ते मुळ्यापायी. किसलेला मुळा पाणी सोडतो आणि दहा मिनिटांत ताटात तळं साचतं. किसल्याबरोबर फडक्यात घट्ट पिळा, प्रत्येक भाजी वेगळ्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा, आणि मांडायच्या वेळी रंगाचे ढीग वेगवेगळे लावा. टेबलावर प्लास्टिक पसरा, चाळीस सेंटिमीटर तरी रुंद ताट घ्या.

मग क्रम. एकेक वस्तू घालताना चिनी सहकारी एकेक शुभवाक्य म्हणतो: माशाला वर्षभर शिल्लक, पपनसाला भाग्य, तेल गोल फिरवत घालताना चारी बाजूंनी पैसा, शेंगदाण्याला घरात सोनं-चांदी, तिळाला धंद्याची बरकत. सॉस सर्वांत शेवटी, आणि त्याच्याही नंतर कुरकुरीत तुकडे, नाहीतर ते मऊ पडतात. मग सगळे उभे राहून काड्या घालतात आणि ‘लो हेई!’ ओरडत सात वेळा उडवतात. जितकं उंच तितकी भरभराट, म्हणून हिशेब विभागातली माणसं अंमळ जास्तच उंच उडवतात. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी कोणाला आहे का, हे उडवण्याआधी विचारायचं. नंतर विचारून काय उपयोग!

दिवाळी, आणि बाकीचे

इथे ‘दीपावली’ म्हणतात, आणि ती मुख्यतः तमिळ घरांची. मराठी माणसाला पहिला धक्का बसतो तो मटणाचा. सकाळी तेल लावून अंघोळ, पूजा, आणि नाश्त्याला डोशाबरोबर मटणाचा रस्सा. सगळ्या घरांत असं नसतं, पण शाकाहार गृहीत धरून जाऊ नका. फराळ मात्र आपलाच: मुरुक्कू म्हणजे चकली, ओमापोडी म्हणजे ओव्याची शेव, अतिरसम म्हणजे खसखशीविना अनारसा. अच्चू मुरुक्कू, ज्याला मलय लोक कुइह लोयांग म्हणतात, ती गोव्यात नाताळात होणारी रोझ कुकी. केळीच्या पानावर जेवलात तर उठताना पान स्वतःकडे दुमडा, म्हणजे जेवण आवडलं.

गावाईत सारावाकच्या लांबघरात (अनेक कुटुंबं एकत्र राहतात अशा लांबलचक घरात) बोलावणं आलं तर तुआक ही तांदळाची दारू पुढे येईल. पीत नसाल तर ओठ लावून परत द्या. बांबूत शिजवलेली कोंबडी, मानोक पान्सोह, चुकवू नका. नाताळात मलाक्काच्या पोर्तुगीज वस्तीत ‘कारी देबाल’ मिळते: मोहरी, सुकी मिरची आणि व्हिनेगर. विंदालू खाल्लेल्याला हिची जातकुळी सांगावी लागत नाही. १५१० मध्ये गोवा घेणाऱ्या अल्बुकर्कनेच १५११ मध्ये मलाक्का घेतलं होतं. तिथला ‘सुजी केक’ म्हणजे रव्याचा केक.

तुमचं स्वतःचं ओपन हाउस

वर्षभर लोकांकडे जेवल्यावर दिवाळीत तुमची पाळी. सणाच्याच दिवशी ठेवू नका, तमिळ सहकारी स्वतःच्या घरी असतात. त्यानंतरचा शनिवार किंवा रविवार, १२ ते ४. दोन आठवडे आधी निरोप, आणि त्यात एक ओळ हवीच: ‘कोंबडी हलाल दुकानातली, पोर्क, गोमांस आणि दारू नाही.’ घरच्या भांड्यांत कधी पोर्क शिजलं असेल तर जेवण हलाल केटररकडून मागवा आणि कागदी ताटल्या वापरा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर पाहुण्यांच्या गाड्यांचे नंबर रखवालदाराकडे आदल्या दिवशी द्या, नाहीतर अर्धे लोक फाटकावरच ताटकळतील. बैठ्या घराबाहेर रस्त्यावर मांडव घालायचा तर स्थानिक पालिकेची परवानगी लागते.

चाळीस पॅक्सचा हिशेब असा. पुलावासाठी तांदूळ ३ किलो. लोक अर्ध्या थाळीने जेवतात, त्यापेक्षा जास्त लागत नाही. कोंबडी हाडांसकट ५ किलो. दुकानदाराला एका कोंबडीचे सोळा तुकडे करायला सांगा, मोठे तुकडे केले की दोन वाजता पातेलं रिकामं. सुके छोले २ किलो. बटाटेवडे ८०, माणशी दोन. चकली २ किलो, चिवडा दीड किलो, लाडू ६०. गुलाबी सिराप बान्दुंग हवंच: एक लिटर गुलाबाचं सरबत, आठ लिटर पाणी, आटवलेल्या दुधाचे दोन डबे आणि बर्फ. सरबताच्या जागी रूहअफजा चालतं.

सामान ब्रिकफील्ड्स किंवा क्लांगच्या लिटल इंडियात मिळतं. पिठाचं पाकीट मात्र नीट वाचा. ‘तपुंग बरास’ म्हणजे साधं तांदळाचं पीठ. ‘तपुंग पुलुत’ म्हणजे चिकट तांदळाचं. पुलुत घेऊन मोदक केले की पारी हाताला चिकटते, कळ्या पडत नाहीत, आणि उकडल्यावर मोदक बसून भाकरी होते. दोन्ही पाकिटं मांडणीत शेजारी-शेजारी असतात.

हवेत इतका दमटपणा असतो की उघड्या ताटातली चकली तासाभरात नरम पडते. सगळी एकदम मांडू नका, हवाबंद डब्यातून दर अर्ध्या तासाला थोडी काढा. बेसन लाडवांत तूप कमी घाला. अर्धा किलो बेसनाला नेहमी २५० ग्रॅम घालत असाल तर इथे २०० पुरे, नाहीतर बाराच्या उन्हात लाडू बसतात. ओल्या खोबऱ्याची चटणी एकदम न वाटता दोनदा वाटा, दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नका. साखरही थोडी आवरती घ्या. चिनी मलेशियन माणसाने तुमच्या मिठाईला ‘फार गोड नाही’ म्हटलं तर ती शाबासकी आहे, तक्रार नाही.

शाकाहारी आणि मांसाहारी दोन वेगळी टेबलं, प्रत्येक पातेल्यात स्वतःची पळी, आणि पुढे पाटी. पाटीवर पदार्थाचं नाव एवढंच नको, त्यात काय आहे तेही लिहा: दूध, शेंगदाणे, अंडं. ‘मिसळ’ या शब्दाने कोणाला काही कळत नाही. नमाजासाठी एक खोली झाडून ठेवा, स्वच्छ चटई अंथरा, किब्ल्याची, म्हणजे मक्केची, दिशा फोनवर पाहून ठेवा. कोणी न विचारताच ही सोय दिसली की पाहुणा मोकळा होतो. घरात कुत्रा असेल तर तो त्या दिवशी शेजाऱ्यांकडे.

ऑफिसच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, वेगळी तयारी नको. यादीत नाव लिहिताना भात लिहू नका, तो तीन जण आणणार असतात. कोरडं, हाताने उचलता येणारं आणि गार झालं तरी चालणारं न्या. ढोकळा चालतो, पण सर्वांत आधी संपतो तो बटाटेवडा.

उरलेलं बांधून द्यायला पन्नासेक प्लास्टिकचे डबे आधीच आणून ठेवा. नारळाच्या दुधाचं काही असेल तर घरी गेल्याबरोबर फ्रीजमध्ये टाका असं सांगून द्या. आणि तुम्हाला कोणी लमांग बांधून दिला असेल तर दुसऱ्या दिवशी बोटभर जाडीचे काप करून तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा. कडा कुरकुरीत होतात, आत नारळाचा मऊपणा तसाच राहतो, आणि बरोबर लसणीची चटणी फार छान लागते.